गिटार: ड्राय आणि वेट दोन्ही एकदम कसं रेकॉर्ड करायचं? (रीॲम्पसाठी)

सहावी_तार
मंडळी, आधी कबुलीजबाब देतो. चूक सर्वस्वी माझी आहे.

आमचा चौघांचा बँड. ड्रमर नोकरीसाठी बंगळूरला गेला, तेव्हापासून प्रत्येकाने आपापल्या घरी रेकॉर्ड करून फाइल पाठवायची असं चाललंय. माझ्याकडे एचएक्स स्टॉम्प (गिटारला इफेक्ट लावणारं छोटं डिजिटल यंत्र) आहे, यूएसबीने थेट लॅपटॉपला. दोन महिने रविवार घालवून चार गाणी वाजवली. रात्री हेडफोनवर ऐकताना अंगावर काटा येत होता. मिक्स करणाऱ्या मित्राला पाठवल्यावर त्याचा फोन आला, "गिटारला एवढा रिव्हर्ब आहे की बिचारा गायक विहिरीत पडल्यासारखा वाटतोय. गेनही निम्मा हवा होता. ड्राय ट्रॅक पाठव, मी बघतो."

ड्राय ट्रॅक, म्हणजे इफेक्ट न लागलेला साधा गिटारचा आवाज, माझ्याकडे नाही. मी फक्त प्रोसेस झालेला, म्हणजे वेट, आवाज घेतला होता. रिव्हर्ब (घुमारा) आणि गेनमुळे येणारं डिस्टॉर्शन (फाटका आवाज) एकदा फाइलमध्ये गेलं की पिठात पडलेल्या मिठासारखं, वेचून काढता येत नाही.

तर प्रश्न असे. वाजवताना ऐकू येणारा आवाज आणि साधा गिटारचा आवाज, दोन्ही एकाच वेळी कसे घ्यायचे? दुसरं, माझा १५ वॉटचा ट्यूब अ‍ॅम्प बदलापूरला मेहुण्याकडे आहे (आमच्या सोसायटीत तो २ च्या पुढे नेला की सेक्रेटरी दारात). ड्राय ट्रॅक तिकडे नेऊन त्या अ‍ॅम्पमधून वाजवून माइकने घेता येईल का? आणि त्यासाठी लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून थेट अ‍ॅम्पच्या इनपुटला वायर दिली तर चालेल का, की काही जळेल?

पावशेर
एवढं सोपं आहे हो. भेळ पार्सल घेताना आपण काय सांगतो? सुकी बांधा, चटण्या वेगळ्या पुडीत. तुम्ही स्टेशनवरून ओली करून आणलीत, घरी येईपर्यंत लगदा. आता कितीही शेव टाका.

बाकी जाणकार येतीलच. वाचनखूण (वाखु) साठवली.

ट्यूबवाला
पावशेर, भेळ पेटंट करून ठेवा.

सहावी_तार, तुमच्याकडे जे यंत्र आहे त्यातच उत्तर आहे, एक रुपया खर्च नाही. स्टॉम्प यूएसबीवर एकाच वेळी अनेक चॅनल पाठवतो. १/२ वर प्रोसेस झालेला स्टिरिओ आवाज, तुम्ही घेतलात तो. ५/६ वर इनपुटला आलेला सिग्नल जसाच्या तसा, कुठलाही ब्लॉक (इफेक्ट) न लागता. विंडोज असेल तर कंपनीचा आसिओ ड्रायव्हर टाका, नाहीतर हे चॅनल दिसणारच नाहीत.

रीपरमध्ये (लॅपटॉपवरच्या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये) दोन ट्रॅक करा. पहिल्याचं इनपुट यूएसबी १/२ स्टिरिओ. दुसऱ्याचं इनपुट फक्त ५, मोनो. दोन्ही आर्म करा, म्हणजे रेकॉर्डिंगला तयार ठेवा. दोन्हींवरचं इनपुट मॉनिटरिंग बंद ठेवा, कारण तुम्हाला आवाज स्टॉम्पमधूनच थेट ऐकू येतो, लॅपटॉपला वळसा घालून यायची गरज नाही. ड्राय ट्रॅक म्यूट करून टाका. म्यूट असला तरी रेकॉर्ड होतो, घाबरू नका. मग एकदाच वाजवा.

परत पाठवताना स्टॉम्पच्या इनपुट ब्लॉकला गिटारऐवजी यूएसबी ३/४ निवडा आणि रीपरमधून ड्राय ट्रॅकचं आउटपुट तिकडे द्या. आता गिटार भिंतीला टांगा, ट्रॅक वाजतोय आणि तुम्ही बोटाने गेन कमीजास्त करताय. हाच रीॲम्प. सगळं डिजिटलच राहतं, त्यामुळे वाटेत काही झिजत नाही.

ड्राय ट्रॅक बघून वाटेल, किती बारीक आलंय. वेव्हफॉर्म म्हणजे मुंग्यांची रांग. त्याला नॉर्मलाइज करायचा (पातळी वर ओढायचा) मोह टाळा. परत जाताना तो गिटारच्याच पातळीने आत गेला पाहिजे. मोठा करून पाठवलात तर तोच पॅच (इफेक्टची मांडणी) दुप्पट घाण करेल आणि तुम्ही पॅचला शिव्या द्याल.

जागेची काळजी असेल तर २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचा मोनो ट्रॅक मिनिटाला साधारण ८.६ एमबी. पाच मिनिटांच्या गाण्याला ४३. एवढ्यात तर हल्ली लग्नाची पत्रिका येते व्हॉट्सअ‍ॅपवर.

चिंगी
मध्येच घुसते. माझ्याकडे स्टॉम्प वगैरे काही नाही, स्कार्लेट २आय२ (ऑडिओ इंटरफेस, गिटार-माइक लॅपटॉपला जोडायचा डबा) आणि लॅपटॉपवरचं अ‍ॅम्प प्लगइन. मी इन्स्ट बटण दाबून गिटार थेट घेते आणि ट्रॅकवर प्लगइन टाकते. म्हणजे फाइल ड्रायच झाली ना? मग माझ्यासारखीने वेट वेगळं का घ्यायचं?

ट्यूबवाला
@चिंगी, बरोबर. रीपरमध्ये ट्रॅकवरचं प्लगइन फक्त ऐकताना लागतं, फाइल कोरी राहते. (इनपुट एफएक्समध्ये टाकलं तर मात्र ते फाइलमध्ये छापलं जातं. इथे भले भले फसलेत.)

वेट का घ्यायचं? दोन वर्षांनी लॅपटॉप बदलला, प्लगइनची जुनी आवृत्ती उघडली नाही, लायसन्सचा ईमेल सापडला नाही, तर गाण्याचा आवाज गेला. दुसरा ट्रॅक करा, त्याला पहिल्याकडून सेंड द्या (पहिल्याचा आवाज त्याच्यात वळवा), रेकॉर्ड मोडमध्ये ‘आउटपुट’ निवडा. मूळ ट्रॅकवर ड्राय पडतं, दुसऱ्यावर प्लगइननंतरचं. नाहीतर गाणं संपल्यावर ट्रॅक रेंडर करून ठेवा, तेही चालेल.

मडगांवकर
तांत्रिक बाजू ट्यूबवालांनी सांगितली. मी वाजवणाऱ्याची सांगतो. वीस वर्षं हॉटेलांत आणि लग्नांत वाजवून पोट भरलं आहे, तेव्हा जरा ऐका.

लोक समजतात ड्राय म्हणजे शुद्ध वादन आणि वेट म्हणजे वरचा मेकअप. तसं नाही रे. हात ऐकतात. भरपूर गेन असला की तार हलकी छेडली तरी स्वर लांबतो, म्हणून उजवा हात आपोआप मऊ पडतो आणि नको त्या तारा दाबायला डाव्या हाताला जास्त काम लागतं. क्लीनवर तोच माणूस पिक जोरात मारतो. एकासाठी वाजवलेला ड्राय ट्रॅक दुसऱ्यात घातला की सूर तेच, पण माणूस खोटा वाटतो.

डिलेचं (सुरांचा प्रतिध्वनी देणाऱ्या इफेक्टचं) तर विचारू नका. डॉटेड एट्थच्या (पाऊण मात्रेच्या) डिलेवर वाजवताना आपण निम्मे सूर वाजवतो, निम्मे यंत्र वाजवतं. तो ड्राय ट्रॅक एकटा ऐका, लंगडा वाटेल. मिक्सवाल्याला फक्त तो पाठवला तर त्याला वाटेल गिटारवाल्याला ताल कळत नाही. सोबत वेट पाठवला की कळतं, अच्छा, असं होतं होय. फीडबॅकही तसाच. स्पीकरसमोर गिटार धरून जो स्वर लांबवला तो ड्राय ट्रॅकमध्ये येतो, कारण तार खरंच हलत असते. पण हेडफोनवर वाजवलं असेल तर तो कुठल्याही रीॲम्पने नंतर आणता येत नाही. स्पीकरच नव्हता तर तार हलवणार कोण?

आणि वाह पेडल, पायाने हलवत सुराचा रंग बदलायचं. आमच्या एका पोराने डीआय (गिटारचा थेट, ड्राय सिग्नल) वाहच्या आधी काढला. रीॲम्प करताना पायाची सगळी हालचाल गायब. शेवटी तो बसला, ट्रॅक चालू ठेवला आणि नुसता पाय हलवत सगळं पुन्हा ‘वाजवलं’. हसून हसून मेलो आम्ही. जे पायाने किंवा बोटाने वाजवताना बदलतं ते डीआयच्या आधी ठेवा. जे एकदा लावून सोडून देतो ते नंतर.

आळशी_कासव
स्पष्ट बोलतो, राग नसावा. हे दोन-दोन ट्रॅक ठेवणं म्हणजे निर्णय टाळणं आहे. पूर्वी लोक अ‍ॅम्पसमोर माइक लावायचे, जे आलं ते आलं. आता चाळीस पॅच ऐकत बसतात आणि गाणं वर्षभर बाहेर येत नाही.

मडगांवकर
कासवा, तुझ्या आयडीला शोभत नाही हे बोलणं. पण मुद्दा पटतो. म्हणूनच मी म्हणतो वेट आधी नीट लावा, तोच अंतिम समजून वाजवा. ड्राय म्हणजे विम्याची पॉलिसी. कपाटात ठेवा, रोज काढून वाचू नका.

निवांत_नारायण
गिटार येत नाही, पण ३४ वर्षं इलेक्ट्रिकलमध्ये काढली आणि मुलगा घरात हेच उद्योग करतो, म्हणून चार ओळी.

ड्राय ट्रॅकमध्ये जी घरघर येते ती ऐकताना किरकोळ वाटते, पण पुढे हाय गेनमधून गेली की तीच गर्जना होते. आमच्याकडे शोध लावला तो असा. सिंगल कॉइल पिकअप म्हणजे तारेचं वेटोळं, आसपासचं ५० हर्ट्झचं क्षेत्र ते इमानेइतबारे पकडतं. पंख्याचा जुना रेग्युलेटर मधल्या आकड्यावर असला की करकर, ट्यूबलाइटच्या चोकची भुणभुण, आणि लाइट गेल्यावर जुना चौकोनी लहरीचा इन्व्हर्टर चालू झाला की रेकॉर्डिंग बंदच करावं. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, निम्मी तक्रार तिथेच संपते. गिटार घेऊन खुर्चीत हळूहळू गोल फिरा, एका दिशेला आवाज सर्वांत कमी असतो. तिथे खुर्ची ठेवा.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन कापू नका. हम (घरघर) जातो, पण ट्यूब अ‍ॅम्पमध्ये आत शेकडो व्होल्ट असतात आणि गिटारच्या तारा तुमच्या हातात. सिग्नलच्या वायरचं ग्राउंड तोडायचं, विजेचं कधीच नाही. त्यासाठी डीआय बॉक्सवर (गिटार आणि इंटरफेस यांच्या मधला डबा) ग्राउंड लिफ्टचं बटण असतं.

गिटार लाइन इनपुटला का लावू नये हेही. साधा पिकअप कमजोर आणि उच्च इम्पिडन्सचा (विद्युत अडथळ्याचा). त्याला १ मेगाओमच्या आसपासचं इनपुट हवं. लाइन इनपुट साधारण १० किलोओमचं. तिथे लावलं की वरचा चकचकीतपणा जातो, गिटार गोधडी पांघरून वाजवल्यासारखी. आणि तो नंतर इक्वलायझरने परत येत नाही. चिंगीताई इन्स्ट बटण दाबतात ते याचसाठी.

सहावी_तार
काका, दंडवत. खुर्चीचा प्रयोग आत्ताच केला. खिडकीकडे पाठ करून बसलो तर जवळपास शांत! बायको म्हणते नवीन वास्तुशास्त्र सुरू झालं का.

पण अ‍ॅम्पचं राहिलं. हेडफोन जॅक?

फ्रीमाँटचा_बाळू
इथे सकाळ आहे, कॉफी हातात आहे, तेव्हा सविस्तर लिहितो.

हेडफोन जॅकने आवाज येईल, आवाज अगदी कमी ठेवलात तर अ‍ॅम्प जळणारही नाही. पण खसखस येईल, लॅपटॉप आणि अ‍ॅम्प यांच्यात ग्राउंड लूप (दोन अर्थिंगमधून येणारी घरघर) होईल, आणि अ‍ॅम्पला वाटेल गिटार नाही, भलतंच कोणी दार वाजवतंय. इंटरफेसचं आउटपुट मोठं, बॅलन्स्ड, कमी इम्पिडन्सचं असतं. अ‍ॅम्पला हवं ते लहान, अनबॅलन्स्ड आणि चढ्या इम्पिडन्सचं. मधल्या दुभाष्याला रीॲम्प बॉक्स म्हणतात. आत ट्रान्सफॉर्मर आणि एक नॉब, बस्स. जो सॅट्रियानीचे रेकॉर्डिंग इंजिनीयर जॉन क्युनिबर्टी यांनी नव्वदच्या दशकात तो ‘रीॲम्प’ नावाने विकायला काढला, पुढे रेडियलने ते नाव घेतलं. म्हणजे शब्द मुळात डब्याचा. झेरॉक्सचं जसं क्रियापद झालं तसं झालं.

पैसे नसतील तर पॅसिव्ह डीआय बॉक्स उलटा लावून काम भागतं. एक्सएलआरमधून (तीन पिनांच्या माइकच्या जोडणीतून) आत, जॅकमधून बाहेर. पण ट्रान्सफॉर्मर उलटा झाला की पातळी वाढवतो, म्हणून आउटपुट अगदी तळाला नेऊन सुरुवात करा. अ‍ॅक्टिव्ह डीआय उलटा चालत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, नॉब कुठे ठेवायचा? लोक कानाने ठेवतात आणि मग म्हणतात रीॲम्प खोटा वाटतो. असं करा. रीपरमध्ये १ किलोहर्ट्झची साईन वेव्ह (एकसुरी टूं) −१८ डेसिबलवर वाजवा. इंटरफेसच्या आउटपुटमधून रीॲम्प बॉक्समध्ये, तिथून गिटारच्या वायरने परत इंटरफेसच्या इन्स्ट इनपुटमध्ये. इनपुटचा गेन तोच, ज्यावर गिटार रेकॉर्ड केली होती. आता बॉक्सचा नॉब फिरवत राहा, येणारा सिग्नलही −१८ दाखवेपर्यंत. झालं. आता वायर काढून अ‍ॅम्पला लावा. जेवढे व्होल्ट गिटारने दिले होते तेवढेच अ‍ॅम्पला मिळणार. नॉबवर मार्करने खूण करून ठेवा. इनपुट गेन किती होता हे आठवत नसेल तर हे सगळं मुसळ केरात, म्हणून रेकॉर्ड करतानाच फोनने इंटरफेसचा फोटो काढायचा.

@चिंगी, २आय२ ला आउटपुट दोनच. ड्राय ट्रॅक पूर्ण उजवीकडे पॅन करा, उजवं आउटपुट बॉक्सला द्या, बाकी गाणं पूर्ण डावीकडे. हेडफोनमध्ये डाव्या कानात गाणं, उजव्यात कोरडी गिटार, जरा विचित्र वाटेल पण होतं. माइक पहिल्या इनपुटला, इन्स्ट बटण आणि डायरेक्ट मॉनिटर दोन्ही बंद.

आणि ज्या ट्रॅकवर माइक रेकॉर्ड होतोय त्याचं मॉनिटरिंग चालू राहिलं आणि तो त्याच आउटपुटला जात असेल तर काय होतं ते मी अनुभवलंय. माइक, लॅपटॉप, अ‍ॅम्प, परत माइक. शेजारच्या आजींनी दार वाजवलं. चायनीज आजी, मराठी शिव्या त्यांना कळल्या नाहीत एवढंच.

ट्यूबवाला
बाळू, मस्त. एक भर घालतो. सगळेच पेडल रीॲम्पला सरळ वागत नाहीत. १९६६ च्या फझ फेस पेडलच्या वंशातले फझ (आवाज फार फाडणारे पेडल) घ्या. त्यांचं इनपुट इम्पिडन्स काही किलोओमच, पिकअप आणि ते एकमेकांना जखडलेले असतात. गिटारचा व्हॉल्यूम थोडा कमी केला की फझ साफ होतो, ती गंमत त्यातूनच येते. इंटरफेसमधून आलेल्या सिग्नलला ती जखडण नसते, आवाज खरखरीत आणि टोचणारा येतो. फझ असेल तर गिटारला थेट लावा आणि डीआय फझनंतर काढा.

चिंगी
अ‍ॅम्पपण आहे आणि तेव्हाच ड्रायही हवं, तर गिटारची वायर दोघांत कशी वाटायची? वाय केबल?

ट्यूबवाला
आणीबाणीत चालते. दोन्हीकडे १ मेगाओम असेल तर पिकअपला ५०० किलोओम दिसतं, वरचा आवाज किंचित मऊ होतो, पण ग्राउंड लूपपासून संरक्षण शून्य. डीआय बॉक्स घ्या. गिटार आत, ‘थ्रू’ जॅकमधून अ‍ॅम्पला, एक्सएलआरमधून इंटरफेसला. अ‍ॅक्टिव्ह असेल तर इंटरफेसवरचं ४८ व्होल्टचं बटण (डीआयला वीज देणारं) चालू करायला विसरू नका, नाहीतर इथे येऊन विचाराल की सिग्नल का नाही.

पावशेर
एक भाबडा प्रश्न. ड्राय आणि वेट दोन्ही मिक्समध्ये एकदम वाजवले तर? अर्धी सुकी, अर्धी ओली?

फ्रीमाँटचा_बाळू
बासला लोक मुद्दाम करतात. पण वेळ जुळवावी लागते. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. माइक स्पीकरपासून ३४ सेंटीमीटर असेल तर तो डीआयपेक्षा सुमारे १ मिलिसेकंद मागे. दोघे सारख्या आवाजात मिसळले की ५००, १५००, २५०० हर्ट्झवर खड्डे पडतात आणि गिटार नळातून आल्यासारखी वाटते. ४८ किलोहर्ट्झला १ मिलिसेकंद म्हणजे ४८ सँपल, माइकचा ट्रॅक तेवढा आधी सरकवा. रीॲम्पमध्ये इंटरफेसचा जाण्यायेण्याचा उशीरही धरावा लागतो. रीपरमधलं रीइन्सर्ट प्लगइन एक टिचकी पाठवून तो स्वतः मोजतं.

आळशी_कासव
धाग्याचा फिजिक्सचा तास झाला. मी डबा खातो.

सहावी_तार
तीन आठवड्यांनी अपडेट. उशिराबद्दल क्षमस्व.

चारही गाणी पुन्हा वाजवली, या वेळी १/२ आणि ५ दोन्ही. काल उसना रीॲम्प बॉक्स आणि एक डायनॅमिक माइक घेऊन बदलापूर गाठलं. मेहुण्याने हॉल मोकळा करून दिला, सोफ्याच्या उशा अ‍ॅम्पभोवती रचल्या. साईन वेव्हचा प्रकार करायला दहा मिनिटं लागली, सासूबाई विचारत होत्या कानाची तपासणी चाललीये का. नॉब दोन वाजण्याच्या जागी आला. मी कानाने ठेवला असता तर पार पाचवर नेला असता, आधी करून पाहिलं होतं, मोठा म्हणजे चांगला वाटत होता.

प्रत्येक ट्रॅकच्या सुरुवातीला हाताने तारा दाबून दोन वेळा ‘टक टक’ वाजवून ठेवलं होतं. नंतर वेट आणि रीॲम्प जुळवताना त्या दोन टकटकींवर झूम केलं आणि सरकवलं, मोजमाप वगैरे नाही. माझ्यासारख्यांनी हे करा.

निकाल असा: ऱ्हिदम गिटार सगळ्या अ‍ॅम्पच्या घेतल्या, गेन जवळपास निम्म्यावर. मित्र म्हणाला गायक विहिरीतून बाहेर आला. सोलो मात्र तीनही ठिकाणी स्टॉम्पचाच वेट ठेवला. मडगांवकर, तुम्ही म्हणालात तेच. अ‍ॅम्पमधून तो सोलो घाबरट वाटत होता, कारण मी वाजवताना डिलेवर रेलून वाजवला होता.

दुसऱ्या गाण्यात, अडीच मिनिटांवर, सगळ्यात चांगल्या कॉर्डच्या वेळी आत कुकरची शिट्टी झाली आणि माइकमध्ये साफ आली. पूर्वी असतो तर डोक्याला हात लावला असता. काल नुसतं ओरडून विचारलं, अजून किती? आतून उत्तर आलं, दोन. आम्ही चहा घेतला, दोन शिट्ट्या होऊ दिल्या, आणि ट्रॅक पुन्हा सुरुवातीपासून सोडला. गिटार तोवर बॅगेतून बाहेरही काढली नव्हती.

पावशेर
डाळ कुठली होती?

सहावी_तार
तुरीची. भेळेनंतर तेवढंच राहिलं होतं.